एकच यूएसडीटी, पण देशागणिक कायदा वेगळा का?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "मी राजारामपुरीतून घरबसल्या एका परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो. पुढच्या महिन्यापासून ते लोक यूएसडीटी या क्रिप्टो टोकनमध्ये पैसे देतो म्हणतायत. मावसभाऊ दुबईत आहे, तो म्हणतो तिकडं यावर एक पैसा कर नाही. चीनमध्ये सगळं बंद, अमेरिकेत बिटकॉइनचे ईटीएफ (शेअर बाजारात मिळणारे फंड) निघाले, आपल्याकडं ३० टक्के कर. वस्तू तीच, मग प्रत्येक सरकारचा कायदा वेगळा का? आणि मी पैसे असे घ्यावेत का?"

मी कोल्हापुरात बरीच वर्षं सीए म्हणून काम करतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फौंड्रीवाले निर्यातदार, गुजरीतले सराफ आणि अलीकडे मोबाईलवर कॉइन घेणारी-विकणारी तरुण मुलं अशा तिन्ही प्रकारच्या लोकांची विवरणपत्रं माझ्याकडून जातात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: असे पैसे घेऊ नका. का, ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातूनच कळेल, म्हणून ते नीट वाचा.

क्रिप्टोचा कायदा करताना कुठलंही सरकार सगळ्यात आधी स्वतःच्या चलनाकडे बघतं. बिटकॉइनचं तंत्रज्ञान चांगलं की वाईट, हा प्रश्न त्यानंतरचा. आपलं चलन लोक स्वखुशीनं बाळगतात का, पैसा देशाबाहेर न्यायला बंधन आहे का, कर कुठून गोळा होतो, परदेशातून घरी पैसे पाठवणारे किती आहेत, एवढ्या गोष्टी समजल्या की त्या देशाचा कायदा कसा असेल याचा अंदाज बराचसा बरोबर येतो.

आपल्यापासूनच सुरुवात करू. रुपया चालू खात्यावर १९९४ पासून परिवर्तनीय आहे. म्हणजे मालाची आयात, शिक्षण, प्रवास, उपचार यासाठी डॉलर मिळतात. पण भांडवली खातं आपण पूर्ण मोकळं केलेलं नाही. घरातल्या माणसाला परदेशात गुंतवायला किंवा पाठवायला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि तेही बँकेमार्फत, कारण सांगून, पॅन देऊन. पंचगंगेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पाणी किती अडवायचं आणि किती सोडायचं हे बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, घालून, काढून ठरतं. रिझर्व्ह बँक परकीय चलनाचं तेच करते. आता समजा, कोणी दोन मिनिटांत रुपये देऊन यूएसडीटी घेतलं आणि ते परदेशातल्या वॉलेटमध्ये पाठवलं. यूएसडीटी म्हणजे एका डॉलरला बांधलेलं टोकन. तेव्हा या माणसानं डॉलर घेऊन तो देशाबाहेर नेला, आणि बरग्यांना पत्ताही लागला नाही. रिझर्व्ह बँकेची खरी भीती ही आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये डेप्युटी गव्हर्नर टी. रबी शंकर यांनी जाहीर भाषणात सांगितलं होतं, की क्रिप्टोवर बंदी हाच भारतासाठी बहुधा सर्वात योग्य मार्ग आहे. लोकांना ते जुनाट विचारांचं वाटलं. ज्याच्या अंगावर रुपया सांभाळायची जबाबदारी आहे त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर ते बोलणं अगदी सरळ आहे.

आता हेच टोकन वॉशिंग्टनमधून बघा. यूएसडीटीसारखं टोकन काढणारी कंपनी लोकांकडून आलेले डॉलर बहुतांशी अमेरिकी सरकारच्या अल्प मुदतीच्या रोख्यांत ठेवते. जगात स्टेबलकॉइन, म्हणजे अशी चलनाला बांधलेली टोकन, जितकी जास्त वापरली जातील, तितकं अमेरिकी सरकारला कर्ज देणारं गिऱ्हाईक वाढतं. लागोस, इस्तंबूल किंवा कोल्हापुरातला माणूस स्वतःच्या चलनाऐवजी डॉलर धरू लागला, तर त्यात अमेरिकेचं जाणार काय? म्हणून जुलै २०२५ मध्ये तिथं जीनियस ॲक्ट झाला. टोकनमागे पूर्ण राखीव रक्कम ठेवा, ती रोकड किंवा अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांत ठेवा, आणि मग खुशाल काढा, असा त्याचा गाभा. तिथल्या सरकारला ज्यातून फायदा होतो, नेमकी तीच गोष्ट इथल्या सरकारला धोक्याची वाटते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

चीनची गोष्ट आपल्यासारखीच, फक्त टोकाची. तिथं माणशी वर्षाला ५०,००० डॉलरची मर्यादा आहे. २०१३ मध्ये बँकांना बिटकॉइनपासून लांब राहायला सांगितलं गेलं. सप्टेंबर २०१७ मध्ये नवी कॉइन काढून पैसे गोळा करण्यावर बंदी आली आणि कॉइन घेण्या-विकण्याचे बाजार, म्हणजे एक्स्चेंज, बंद झाले. २०२१ मध्ये मायनिंग (संगणक चालवून नवी बिटकॉइन मिळवणं) बंद पाडलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मध्यवर्ती बँकेनं क्रिप्टोचे सगळे व्यवहार बेकायदेशीर ठरवले. त्याच काळात त्यांचा स्वतःचा डिजिटल युआन चाचणीत होता. पण त्याच चीनच्या सार्वभौमत्वाखालच्या हाँगकाँगमध्ये जून २०२३ पासून एक्स्चेंजला परवाने मिळतात आणि एप्रिल २०२४ मध्ये बिटकॉइनचे ईटीएफही सुरू झाले. देश एक आणि कायदे दोन, कारण हाँगकाँगचं चलन वेगळं आहे, ते अमेरिकी डॉलरला बांधलेलं आहे आणि पैसा आत-बाहेर न्यायला तिथं बंधन नाही. क्रिप्टोचं नियमन चलनावर ठरतं याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला तरी माहीत नाही.

तुमच्या मावसभावाच्या दुबईचंही तेच. दिरहम १९९७ पासून ३.६७२५ या दरानं डॉलरला बांधलेला आहे, पैसा मोकळेपणानं फिरतो, आणि माणसाच्या पगारावर आयकर मुळातच नाही. मग क्रिप्टोवर तरी का असेल? दुबईनं २०२२ मध्ये क्रिप्टोसाठी वेगळं प्राधिकरण काढलं ते धंदा आणि माणसं ओढून आणण्यासाठी. सिंगापूर आणि स्वित्झर्लंड याच वाटेचे, फक्त जास्त सावध. सिंगापूरनं तर जानेवारी २०२२ मध्ये या कंपन्यांना रस्त्यावर, बस-मेट्रोत जाहिराती करू नका म्हणून बजावलं. मोठ्या संस्थांनी यावं, पण सामान्य माणसानं यात बचत घालू नये, असा त्यांचा हिशेब. मावसभाऊ खरं सांगतोय, पण ते त्याच्यापुरतं खरं आहे. तुम्ही भारतात राहता, इथले रहिवासी आहात, तेव्हा तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर कर इथंच लागतो.

चलन कमजोर असेल तर बंदी टिकते का? नायजेरियाकडे बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनं बँकांना क्रिप्टोवाल्यांची खाती बंद करायला सांगितलं. लोकांनी बँक सोडली आणि एकमेकांत परस्पर व्यवहार सुरू केले. नायराचा सरकारी दर एक आणि बाजारातला दुसरा, महागाई जोरात, मग माणूस डॉलरचं टोकन शोधणारच. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंदी उठवली. पुढच्याच वर्षी नायरा घसरला, तेव्हा सरकारनं एका बड्या एक्स्चेंजला जबाबदार धरलं. २०२५ मध्ये गुंतवणुकीच्या नव्या कायद्यात डिजिटल मालमत्तांना जागाही दिली. बंदी, माघार, राग, परवाना, सगळं चार-पाच वर्षांत झालं. या धरसोडीला लोक धोरणातला गोंधळ म्हणतात. मला त्यात एका अडचणीत सापडलेल्या चलनाची धडपड दिसते.

एल साल्वादोर याच्या उलट बाजूला. त्यांना स्वतःचं चलनच नाही, २००१ पासून अमेरिकी डॉलर चालतो. गमवायला चलन नाही, आणि देशाच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या पैशाचा. तो पाठवताना जाणारं कमिशन वाचेल म्हणून त्यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं. लोकांनी फारसं वापरलं नाही. नाणेनिधीकडून १.४ अब्ज डॉलरचं कर्ज घ्यायची वेळ आली, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून बिटकॉइन स्वीकारणं ऐच्छिक केलं. छोट्या देशाच्या कायद्यावर कर्ज देणाऱ्याचाही हात असतो, हे विसरू नका.

चलनाखालोखाल मी बघतो ते पोळलेलं बोट. ज्या देशात लोकांचे पैसे आधी बुडाले, तिथं नियम आधी आले. २०१४ मध्ये टोकियोचं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज कोसळलं, सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचं सांगितलं गेलं. जपाननं बंदी घातली नाही. एप्रिल २०१७ पासून एक्स्चेंजना नोंदणी सक्तीची केली. जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेक हे तिथलं एक्स्चेंज फोडलं गेलं, तेव्हा नियम आणखी आवळले: गिऱ्हाइकाची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवायची, आणि त्यातली बहुतेक इंटरनेटपासून तोडून. याचं फळ नोव्हेंबर २०२२ नंतर दिसलं. एफटीएक्स हे मोठं एक्स्चेंज बुडाल्यावर जगभरचे गिऱ्हाईक दिवाळखोरीच्या रांगेत उभे राहिले, पण एफटीएक्सच्या जपानी शाखेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये पैसे परत काढायला दिले. याच्या शेजारी आपलं ठेवा. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून २३ कोटी डॉलरहून जास्त किमतीची मालमत्ता चोरली गेली, आणि भारतीय गिऱ्हाइकांच्या परतफेडीची योजना सिंगापूरच्या न्यायालयात मंजुरीसाठी गेली. माझ्याकडे येणारी काही मुलं त्यात अडकली होती. "साहेब, कंपनी इथली, आम्ही इथले, मग कोर्ट सिंगापूरचं कसं?" या त्यांच्या प्रश्नावर माझ्याकडे कायद्याचं उत्तर होतं, पण त्यानं त्यांचं समाधान होण्यासारखं नव्हतं. कर लावताना जेवढी तत्परता दाखवली, तेवढी गिऱ्हाइकाचा पैसा वेगळा ठेवण्याच्या नियमात आपण दाखवलेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट जुन्या कायद्यांची. कुठलंही सरकार कोऱ्या कागदावर लिहीत नाही. नवी वस्तू आधी जुन्या खणात बसवायला बघतं. अमेरिकेत हा खण १९४६ च्या हॉवी खटल्याचा. फ्लोरिडातला एक बागमालक संत्र्यांच्या बागेचे तुकडे लोकांना विकायचा आणि मशागतही स्वतःच करून नफा द्यायचा. तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही नुसती जमिनीची विक्री नाही, दुसऱ्याच्या कष्टावर नफ्याची अपेक्षा ठेवून पैसे घातलेत, म्हणजे ही सिक्युरिटीच, शेअरसारखी. जवळजवळ ऐंशी वर्षांनंतर कुठलं टोकन सिक्युरिटी आणि कुठलं सोन्या-तेलासारखी कमॉडिटी, हा वाद त्याच संत्र्यांच्या बागेवरून चालू आहे. त्यात शेअर बाजाराचा नियंत्रक वेगळा, वायदे बाजाराचा वेगळा, प्रत्येक राज्याचं आणखी निराळं. न्यूयॉर्कचा स्वतंत्र परवाना २०१५ पासून आहे. सरकार बदललं की खटल्यांची दिशाही बदलली, हे गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी पाहिलं. युरोपची अडचण वेगळी होती: २७ देश आणि एकच बाजार. २०१९ मध्ये फेसबुकनं लिब्रा नावाचं स्वतःचं चलन आणायचं जाहीर केल्यावर युरोपातली सरकारं खडबडून जागी झाली, आणि त्यातून मायका नावाचा एकच कायदा झाला. तो ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्ण लागू आहे.

विजेचाही वाटा आहे, पण तो मायनिंगपुरता. चीननं मायनर हाकलले, त्यातले बरेच कझाकस्तानात गेले आणि तिथं विजेचा तुटवडा झाला. कोसोव्होनं वीजटंचाईत मायनिंगच थांबवलं. भूतानकडे जलविद्युत भरपूर, तर तिथलं सरकार स्वतःच मायनिंग करतं.

आता पुन्हा आपल्याकडे. भारताचा कायदा लोकांना अर्धवट वाटतो, आणि तो आहेच. रिझर्व्ह बँकेनं ६ एप्रिल २०१८ ला बँकांना क्रिप्टोवाल्यांना सेवा देऊ नका म्हणून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० ला ते परिपत्रक रद्द केलं. रिझर्व्ह बँकेला अधिकारच नाही असं न्यायालय म्हणालं नाही. बँकांचं काही नुकसान झाल्याचं दाखवता आलेलं नसताना एवढा कडक उपाय प्रमाणात बसत नाही, असं म्हणालं. मधल्या काळात बंदीच्या विधेयकाचा मसुदा झाला, संसदेच्या यादीतही एक विधेयक आलं, पण मांडलं गेलं नाही. शेवटी १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस आला. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंज मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आले.

ज्या सरकारला बंदी घालायचीही नाही आणि मान्यताही द्यायची नाही, ते कर लावतं. करामुळे दोन कामं होतात. आवडत नसलेल्या गोष्टीचा वेग कमी होतो, आणि टीडीएसमुळे कोण काय करतंय याची नोंद सरकारकडे येते. गुजरीतल्या जुन्या सराफ घराण्यांना हे नवीन नाही. १९६२ च्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती, म्हणून सरकारनं सुवर्ण नियंत्रण आणलं. जानेवारी १९६३ पासून १४ कॅरटच्या वरचे नवे दागिने करायला मनाई झाली, १९६८ मध्ये कायदा झाला, तो १९९० मध्ये गेला. सोन्यात तेव्हा काही दोष आला नव्हता. सोनं आणायला डॉलर जात होते, एवढंच कारण. कारागिरांचे हाल झाले आणि चोरटं सोनं येतच राहिलं. आजचं धोरण ठरवणाऱ्यांना बंदीचा हा इतिहास माहीत आहे. सरसकट बंदी न घालता कराची वाट धरण्यामागे तोही एक धडा असावा, असं मला वाटतं.

आमच्याकडे येणारे अनेकजण म्हणतात, "कर भरतोय म्हणजे ते कायदेशीर झालंच की." तसं नाही. आपल्याकडे बेकायदा उत्पन्नावरही कर लागतो, हे फार जुनं तत्त्व आहे. उलट १९८० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं सोन्याच्या तस्कराकडून जप्त झालेल्या नोटा त्याच्या धंद्यातला तोटा म्हणून मान्य केल्या होत्या. क्रिप्टोवाल्याला तेवढीही सवलत नाही. एका कॉइनमध्ये २ लाख नफा आणि दुसऱ्यात १ लाख ८० हजार तोटा झाला, तर हातात २० हजार उरतात, पण कर २ लाखांवर लागतो: ६० हजार आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे ६२,४००. हे समजावून सांगताना समोरच्या मुलाचा चेहरा उतरतो. हा नियम मला अन्यायाचा वाटतो आणि तो बदलावा असं मी जिथं संधी मिळेल तिथं सांगतो.

नियंत्रकांच्या मनात फसवणुकीचाही मोठा भाग आहे, आणि तो आपल्या दारापर्यंत आलेला आहे. महिन्याला १० टक्के परतावा देतो म्हणून सांगणारं गेनबिटकॉइन प्रकरण आठवा. त्याच्या तपासात सीबीआयनं फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर छापे घातले, त्या शहरांच्या यादीत पुणे, नांदेडबरोबर कोल्हापूरही होतं.

आता तुमचे पैसे. परदेशी कंपनीचं काम इथं बसून करणं म्हणजे सेवेची निर्यात. जीएसटीत निर्यातीवर कर शून्य आहे, पण त्याची एक अट अशी, की मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिली असेल तिथं रुपयांत यायला हवा. यूएसडीटी या दोन्हींत बसत नाही. तेव्हा तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली, तर निर्यातीची सवलत नाकारून १८ टक्के मागितले जाण्याचा धोका आहे. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेतून यावे लागतात, ते आले नाहीत तर तो प्रश्न वेगळाच. टोकन ज्या दिवशी आलं, त्या दिवशीच्या रुपयातल्या किमतीवर ते व्यवसायाचं उत्पन्न धरलं जाईल. पुढे विकताना किंमत वाढलेली असेल तर वाढीवर ३० टक्के. आणि रुपये करायला तुम्ही एखाद्या अनोळखी माणसाला परस्पर टोकन विकलंत, त्यानं पाठवलेली रक्कम कुणाच्या तरी सायबर फसवणुकीतली निघाली, तर दुसऱ्याच राज्यातल्या तक्रारीवरून तुमचं खातं गोठतं. अशी खाती मोकळी करायला महिने जातात. त्या काळात घरभाडं आणि ईएमआय कशातून द्यायचे?

म्हणून कंपनीला कळवा की पैसे बँकेतच पाठवा. बँकेला सॉफ्टवेअर सेवेचा पी०८०२ हा पर्पज कोड द्या आणि प्रत्येक वेळी परकीय रक्कम आल्याचा दाखला मागून घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरा. याआधी काही यूएसडीटी घेतलं असेल, तर तारीख, त्या वेळचा दर, वॉलेटचा पत्ता, व्यवहाराचा हॅश (त्याची ओळख पटवणारा क्रमांक) आणि ज्या बिलापोटी ते आलं त्याचा क्रमांक, हे एका वहीत उतरवून विवरणपत्राची मुदत येण्याआधी तुमच्या सीएकडे घेऊन जा.